कॅमेरा पुन्हा पुन्हा शून्यावर का येतो?

रीसेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्राला पहिल्या पायरीवर आणून उभे करणे. प्रोसेसरला वीज मिळाली की त्यातली लाखो सूक्ष्म स्विचे कोणत्याही अवस्थेत असू शकतात. अशा अवस्थेत त्याने काम सुरू केले तर तो काय करील याचा नेम नाही. म्हणून वीज स्थिर होईपर्यंत एक खास पिन त्याला रोखून धरते. बहुतेक प्रोसेसरांमध्ये ही पिन शून्य व्होल्टवर असेपर्यंत काम थांबते आणि ती वर गेली की पहिल्या सूचनेपासून सुरू होते. काम चालू असताना वीज धोक्याच्या पातळीखाली गेली, आज्ञावली अडकून पडली किंवा पिनेवर चुकीचा संकेत आला तरी हेच घडते. थोडक्यात, रीसेट ही संरक्षणाची सोय आहे. ती नको तेव्हा कामाला लागली किंवा लागल्यावर सुटलीच नाही, की तिला बिघाड म्हणतात.

बाजारातल्या तयार कॅमेऱ्यात हा बिघाड क्वचित दिसतो, कारण कारखान्यात त्याचा बंदोबस्त झालेला असतो. स्वतः बांधलेल्या कॅमेऱ्यात मात्र ती जवळजवळ पहिली तक्रार असते. असे कॅमेरे आता केवळ प्रयोगशाळेत राहिलेले नाहीत. सेन्सर, प्रोसेसर, वाय-फाय आणि मेमरी कार्डाची खाच एकाच छोट्या बोर्डावर असलेला ईएसपी३२-कॅम हा स्वस्त संच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास असतो. अकोला-अमरावतीच्या कपाशीच्या पट्ट्यात त्याचा एक उपयोग चटकन सुचतो, तो म्हणजे कामगंध सापळ्यावर, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या सापळ्यावर, लावायचा कॅमेरा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातले कपाशीचे पीक पोखरले, तेव्हापासून या सापळ्यांचे महत्त्व शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. सलग तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, अशी शिफारस आहे. रोज सापळे मोजत फिरण्याऐवजी कॅमेऱ्याने रात्री ठरावीक वेळी फोटो काढून ठेवावा, ही कल्पना सरळ आहे. पण पतंग रात्री येतात, रात्री फोटोला दिवा लागतो आणि नेमका दिवा लागला की कॅमेरा रीसेट होतो. फोटो जातो, तारीख जाते, आणि ‘सलग तीन दिवस’ या अटीला काही अर्थच उरत नाही.

शोधाची सुरुवात पाहण्यापासून करावी, पक्कड हातात घेण्यापासून नव्हे. बिघाड केव्हा होतो याची नोंद निम्मे काम करते. वीज देताच बोर्ड निपचित पडून राहत असेल, तर तो रीसेटमध्येच अडकलेला असू शकतो. फोटो काढण्याच्या क्षणी पहिल्यापासून सुरू होत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर जातो. दहा मिनिटे नीट चालून मग बंद पडत असेल, तर उष्णता कारणीभूत असण्याची शक्यता मोठी. शेजारच्या मोटारपंपाचा स्टार्टर दाबला की होत असेल, तर लांब तारांमधून येणारा विजेचा झटका तपासावा. आणि ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखे रीसेट होत असतील, तर दोष बहुधा आज्ञावलीत असतो.

दुसरी पायरी अनेकांना माहीत नसते, म्हणून तिच्याविषयी आग्रहाने सांगायला हवे. रीसेट कशामुळे झाला हे बहुतेक आधुनिक प्रोसेसर स्वतःच लिहून ठेवतात. आर्डुइनो उनो या बोर्डावर असणाऱ्या एटीमेगा३२८ या प्रोसेसरात त्यासाठी एक नोंदकप्पा आहे. वीज नव्याने आली, बाहेरून पिन खाली ओढली गेली, व्होल्टेज घसरले किंवा आज्ञावली अडकल्याचे पाहून पहारेकरी टायमर सुटला, अशा चार कारणांसाठी त्यात चार वेगळ्या खुणा असतात. ईएसपी३२-कॅमवरच्या ईएसपी३२ या प्रोसेसरातही हेच कारण एका ओळीच्या आज्ञेने विचारता येते. आज्ञावलीच्या सुरुवातीलाच ते वाचून मेमरी कार्डावर तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. असे केले की अंदाजांची जागा पुरावा घेतो. एक खबरदारी हवी. वीज वाचवण्यासाठी गाढ झोपेत गेलेला ईएसपी३२ जागा होतो तोही रीसेटच्याच वाटेने. रोज रात्री बारा वेळा जागणाऱ्या कॅमेऱ्यात अशा बारा नोंदी दिसल्या तर त्या बिघाडाच्या नाहीत.

हाताने बांधलेल्या कॅमेऱ्यात या नोंदीत सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे व्होल्टेजची घसरण. बोर्डावरच्या ईएसपी३२ ला ३.० ते ३.६ व्होल्ट लागतात. बोर्डावरचा छोटा रेग्युलेटर बाहेरून आलेल्या ५ व्होल्टचे ३.३ करून देतो, पण हे करताना त्याला स्वतःसाठी एक ते सव्वा व्होल्ट अंतर लागते. आता पतंगाच्या कॅमेऱ्याला ५ व्होल्टच्या पिनेवर एकच लिथियम सेल जोडला तर काय होईल? पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो. त्यातून सव्वा गेले की उरले २.९५. सेल ३.७ वर उतरला की उरतात अडीच व्होल्ट. दिवा बंद असताना बोर्ड साधारण १८० मिलिअँपिअर घेतो, तेजस्वी दिवा लागला की ३१० च्या आसपास, आणि वाय-फाय संदेश सोडतानाचे क्षणिक धक्के वेगळेच. दिवा नसताना कसेबसे चाललेले यंत्र दिवा लागताच कोसळते, याचे सगळे गूढ या वजाबाकीत आहे.

तारांचाही हिशेब असाच मांडावा. प्रयोगासाठी वापरतात त्या बारीक जोडतारा, सैल पिना आणि लांब यूएसबी केबल मिळून एक ओहम रोध सहज होतो. अर्धा अँपिअर प्रवाह गेला की त्यात अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. अडॅप्टरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ छापलेले असले तरी बोर्डाच्या पिनेवर साडेचारच पोहोचतात.

ही क्षणिक घसरण मल्टिमीटरवर दिसत नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, आणि घसरण तर काही मिलिसेकंदांची, कधी त्याहूनही कमी वेळेची असते. म्हणून ऑसिलोस्कोप लागतो. अकोल्यासारख्या शहरात तो घरी नसला तरी अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतो. मोजताना एक प्रोब थेट प्रोसेसरच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर आणि दुसरा रीसेटच्या पिनेवर ठेवावा. अडॅप्टरच्या टोकाला मोजून काही हाती लागत नाही. प्रोबची ग्राउंडची तार आखूड ठेवावी, नाहीतर पडद्यावर दिसणारे अर्धे धक्के त्या तारेचेच असतात. व्होल्टेज ३ च्या खाली जाताच चित्र गोठावे अशी मांडणी करून कॅमेऱ्याला फोटो काढायला लावावे. आधी वीजपुरवठा घसरला आणि मागोमाग रीसेटची पिन खाली आली, तर दोष पुरवठ्याचा. पुरवठा सरळ रेषेत असताना पिनच खाली आली, तर दोष रीसेटच्या सर्किटचा. या एका मापनाने शोधाची वाट निश्चित होते.

पुरवठ्याचा दोष निघाला तर उपाय साधे आहेत. जाड आणि आखूड तारा, बोर्डाच्या अगदी जवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या जोडीला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, एका सेलवर चालवायचे असेल तर व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर, आणि आज्ञावलीत दिवा व वाय-फाय एकाच वेळी न लावण्याची शिस्त. शटर किंवा फिल्टर हलवणारी विद्युतचुंबकी गुंडाळी असेल तर तिच्यावर उलटा डायोड हवाच. गुंडाळीचा प्रवाह तोडताना उठणारा उलटा झटका रीसेटला पुरेसा असतो.

याच ठिकाणी एक घातक शॉर्टकट फार लोकप्रिय आहे. ईएसपी३२ मधले व्होल्टेज-घसरणीचे संरक्षण एका ओळीने बंद करता येते. ती ओळ घातली की रीसेट थांबतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात व्होल्टेज तितकेच घसरत असते. फरक इतकाच की आता प्रोसेसर अपुऱ्या विजेवर चुका करत पुढे जातो. कार्डावर लिहिता लिहिता वीज घसरली तर त्या रात्रीचा फोटो जातोच, शिवाय कार्डाची सूची खराब होऊन आधीच्या सगळ्या रात्रीही जाऊ शकतात. शेतात महिनाभर ठेवायच्या यंत्रात ही ओळ कधीही असू नये.

पुरवठा निर्दोष असेल तर रीसेटच्या पिनेकडे वळावे. सर्वांत साध्या मांडणीत १० किलोओहमचा रोधक पिनेला वर ओढून धरतो आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिला जमिनीशी जोडतो. या दोघांचा कालांक येतो एक मिलिसेकंद. वीज झटकन चढली तर हे ठीक चालते. सौर पॅनेलवरून सकाळी वीज हळूहळू चढते तेव्हा मात्र कपॅसिटर पुरवठ्याबरोबरच वर सरकतो आणि प्रोसेसर अर्धवट विजेवरच सुटतो. वीज क्षणभर जाऊन परत आली तर कपॅसिटर रिकामाच होत नाही आणि रीसेट होतच नाही. सकाळी निपचित सापडणाऱ्या कॅमेऱ्यांची कथा बहुधा हीच असते. त्यासाठी व्होल्टेजवर लक्ष ठेवणारी तीन पायांची चिप मिळते. मॅक्स८०९ ही त्यातली प्रसिद्ध. व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर पोहोचल्यावरही ती किमान १४० मिलिसेकंद प्रोसेसरला रोखून धरते आणि मगच सोडते. खरेदी करताना आकड्यावर नजर ठेवावी. मॅक्स८१० दिसायला तशीच, पायही तसेच, पण तिचा संकेत नेमका उलटा आहे. ८०९ च्या जागी ८१० बसली तर पुरवठा उत्तम असताना बोर्ड कायमचा रीसेटमध्ये राहतो आणि दुरुस्ती करणारा दिवसभर सोल्डर तपासत बसतो.

उष्णतेचा प्रश्न अकोल्यात पुस्तकी राहत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात ठेवलेल्या बंद प्लॅस्टिक पेटीच्या आत ६५ अंश सहज होतात. समजा कॅमेऱ्याला ९ व्होल्टची बॅटरी जोडली आहे आणि तो सरासरी १५० मिलिअँपिअर घेतो. ९ मधून ३.३ गेले, राहिले ५.७ व्होल्ट. गुणिले ०.१५ अँपिअर, म्हणजे सुमारे ०.८६ वॅट रेग्युलेटर नुसते उष्णतेत घालवतो. छोट्या बोर्डावरचा असा रेग्युलेटर दर वॅटमागे ९० अंशांच्या आसपास तापतो, म्हणजे इथे ७७ अंशांनी. २५ अंशांच्या खोलीत त्याचे अंतरंग १०२ अंशांवर राहते आणि सगळे सुरळीत दिसते. तोच कॅमेरा ६५ अंशांच्या पेटीत गेला की आकडा होतो १४२. या रेग्युलेटरची मर्यादा १२५ ची. तिच्यापुढे त्याची खात्री देता येत नाही, आणि आणखी तापला तर तो स्वतःला बंद करून घेतो, थंड होतो, पुन्हा सुरू होतो. बाहेरून हे यादृच्छिक रीसेटसारखे दिसते. ९ ऐवजी ५ व्होल्ट दिले तर वाया जाणारी शक्ती पाव वॅटवर येते आणि प्रश्नच मिटतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवरही उष्णतेचा परिणाम होतो. तापमानातल्या दर १० अंशांच्या वाढीमागे त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ८५ अंशांचा न घेता १०५ अंशांचा घ्यावा.

उष्णतेचा संशय टेबलावरच तपासता येतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा एकेका भागावर सोडावी आणि कोणता भाग तापला की रीसेट होतो ते पाहावे. सोल्डरचा कच्चा सांधाही याच परीक्षेत उघडा पडतो, कारण तापल्यावर धातू सरकतो आणि संपर्क सुटतो. पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. सोल्डरिंगनंतर न पुसलेल्या फ्लक्सवर ओल धरली की दोन पायांमध्ये गळती सुरू होते आणि क्षीण रोधकाने वर धरलेली रीसेटची पिन हळूहळू खाली सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड स्वच्छ पुसून त्यावर संरक्षक लेप देणे हा त्यावरचा उपाय.

पहारेकरी टायमर म्हणजे वॉचडॉग. आज्ञावलीने ठरावीक वेळात त्याला ‘मी चालू आहे’ असे कळवायचे असते. कळवले नाही तर तो प्रोसेसर रीसेट करतो. कॅमेऱ्यात हे घडण्याची कारणे ठरलेली आहेत. कार्ड उत्तर देत नाही आणि आज्ञावली वाट पाहत राहते, किंवा चित्र ठेवायला जागाच पुरत नाही. १६०० गुणिले १२०० ठिपक्यांचे चित्र प्रत्येकी दोन बाइट धरले तर ३८ लाख ४० हजार बाइट होते, आणि ईएसपी३२ च्या पोटातली मेमरी आहे ५२० किलोबाइट. जादा मेमरीची चिप लावलेली नसेल किंवा तिचा सांधा कच्चा असेल तर रीसेट होऊ शकतो. या प्रकारचा सर्वांत गाजलेला शोध मंगळावरचा. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेल्या मार्स पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार रीसेट होऊ लागला. कमी महत्त्वाच्या हवामान-नोंदीच्या कामाने एक सामाईक साधन धरून ठेवले होते आणि त्याहून खूप महत्त्वाचे काम त्यासाठी अडले होते. मधल्या महत्त्वाची कामे पुढे घुसत होती, त्यामुळे हवामानाचे काम संपून ते साधन मोकळे होत नव्हते. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही हे पाहून संरक्षण यंत्रणा रीसेट करत होती, आणि ते योग्यच होते. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या हुबेहूब प्रतिकृतीत तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, आज्ञावलीतली एक बंद असलेली सोय चालू केली आणि प्रश्न सोडवला. बिघाड मुद्दाम घडवता येणे ही दुरुस्तीची खरी सुरुवात असते. जो बिघाड हवा तेव्हा घडवता येत नाही, तो गेला असे म्हणताही येत नाही.

प्रोसेसर नीट चालतो पण चित्र येत नाही, अशा वेळी सेन्सरच्या स्वतःच्या रीसेटकडे पाहावे लागते. ओव्ही७६७० हा विद्यार्थ्यांचा आवडता सेन्सर घ्या. त्याची रीसेटची पिन शून्यावर गेली की तो रीसेट होतो, तर झोपेची पिन वर गेली की झोपतो. दोन्ही पिनांना एकच नियम लावला की सेन्सर मुका होतो. त्याला बाहेरून घड्याळी संकेत मिळाल्याशिवाय तो प्रश्नांना उत्तरही देत नाही. ईएसपी३२-कॅम वर तर हा घड्याळी संकेत ज्या शून्य क्रमांकाच्या पिनेवरून जातो, तीच पिन रीसेटच्या क्षणी खाली असली तर प्रोसेसर नेहमीचे काम सोडून नवी आज्ञावली उतरवून घ्यायच्या अवस्थेत जातो. त्या पिनेवर आणखी काही जोडणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण.

खगोलशास्त्रीय कॅमेऱ्यातल्या सीसीडी सेन्सरमध्ये तर प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा रीसेट असतो. एका ठिपक्याचा विद्युतभार मोजून झाला की मोजणीचे टोक रिकामे करावे लागते, मगच पुढचा भार त्यावर येतो. हा रीसेटचा ठोका आलाच नाही तर भारावर भार साचत जातो आणि चित्र एकसारखे कोरे येते. मधूनमधून चुकला तर शेजारच्या ठिपक्यांची बेरीज होते. ठोका बिनचूक असला तरी प्रत्येक रीसेटनंतर टोक किंचित वेगळ्या पातळीवर थांबते, कारण उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची हालचाल होतच राहते. ५० फेमटोफॅरडच्या टोकावर २७ अंशांना ही अनिश्चितता सुमारे ९० इलेक्ट्रॉनांची भरते. अंधुक ताऱ्याचा प्रकाश कधी कधी याहून कमी असतो. त्यावर तोड म्हणजे रीसेटनंतर लगेच एकदा आणि भार आल्यावर पुन्हा एकदा मोजून वजाबाकी करणे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झालेला आयडीसॅक हा कॅमेरा-नियंत्रक ही वजाबाकी अंकीय पद्धतीने करतो. त्याची एकसारखी सर्किट-कार्डे एकमेकांच्या जागी बसतात आणि पाच सीसीडींपर्यंत काम सांभाळतात. एक कार्ड काढून तिथे दुसरे लावता येणे ही बिघाड शोधणाऱ्यासाठी फार मोठी सोय आहे. कार्डाबरोबर दोषही हलला तर तो कार्डात, जागेवरच राहिला तर तो तारांत किंवा सेन्सरमध्ये.

मापन खरे आहे का, हेही तपासायचे असते. ८ जानेवारी २०१९ रोजी हबल दुर्बिणीच्या वाइड फील्ड कॅमेरा ३ ने आपल्या आतले व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्याचे पाहून काम थांबवले. तपासात निघाले की व्होल्टेज ठीकच होते, त्याची माहिती देणारी सर्किटे चुकीचे आकडे देत होती. ती सर्किटे रीसेट केल्यावर १७ जानेवारीला कॅमेरा पुन्हा कामाला लागला.

रीसेटमुळे होणारे सर्वांत छुपे नुकसान तारखेचे असते. मेळघाटच्या जंगलात किंवा नरनाळ्याच्या डोंगरात वाघांच्या मोजणीसाठी लावलेल्या कॅमेऱ्याचा फोटो तारखेशिवाय गणितात धरता येत नाही, आणि कामगंध सापळ्याचेही तसेच आहे. म्हणून बोर्डावर वेगळ्या नाणे-सेलवर चालणारे घड्याळ ठेवावे. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप मध्यंतरी थांबली होती का, याची खूण स्वतःजवळ ठेवते. प्रत्येक फोटोबरोबर ती खूण नोंदवली तर कोणत्या तारखांवर विश्वास ठेवायचा ते नंतर ठरवता येते.

दुरुस्तीनंतर कॅमेरा सलग तीन रात्री चालवावा. सेल मुद्दाम ३.५ व्होल्टपर्यंत उतरू द्यावा, दिवा आणि वाय-फाय दोन्ही वापरावे, आणि कार्डावरच्या नोंदीत जागे होण्याशिवाय दुसरे एकही रीसेटचे कारण दिसता कामा नये. कपाशीत कामगंध सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लागतात, म्हणजे भर पावसाळ्यात. उष्णतेची परीक्षा तेव्हा होणार नाही. ती मे महिन्यातच उरकावी. कॅमेऱ्याची पेटी बंद करून भर दुपारी अकोल्याच्या गच्चीवर ठेवावी आणि संध्याकाळी नोंद वाचावी.